गोठा आवरण्याआधी

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा चर्चमधला गोठा अजून मांडलेलाच असेल. घराघरांवर कागदी चांदण्या लोंबत असतील, डब्यांतून करंज्या आणि केकचे शेवटचे तुकडे उरले असतील, आणि 31 डिसेंबरची मध्यरात्रीची उपासना होऊन गेलेली असेल. आपल्या अनेक मंडळ्यांत त्या रात्री वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात. येत्या वर्षासाठी देवाने आपल्याला काय देऊ केले आहे, ते त्या चिठ्ठीवरच्या शास्त्रवचनात आपण शोधतो आणि ती चिठ्ठी बायबलमध्ये जपून ठेवतो. ही चाल चांगली आहे. फक्त, ज्या रात्री आपण देवाकडून वचन घेतो त्याच रात्री आपणही त्याला एखादे वचन द्यावे, असे आम्हाला यंदा फार तीव्रतेने वाटते आहे. ते वचन कशाचे असावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

चर्चच्या पंचांगात नाताळ एका दिवसात संपत नाही, हे आपण जाणतो आणि विसरतोही. 25 डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी स्तेफनाचा सण येतो. दगडमार करून ज्याला ठार केले तो हा पहिला ख्रिस्ती हुतात्मा. पण त्याची मूळ नेमणूक कशासाठी होती? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी तक्रार झाली, म्हणून प्रेषितांनी सात माणसे निवडली, त्यांतला तो एक. 28 डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या बाळांची आठवण. 6 जानेवारीला पूर्वेकडून आलेले ज्ञानी. आणि 2 फेब्रुवारीला, जन्मानंतर 40 दिवसांनी, मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात तो सण. या शेवटच्या प्रसंगात लूकने एक बारीकशी गोष्ट नोंदवली आहे, तिच्यावर आपल्या व्यासपीठांवरून फारसे बोलले जात नाही. अर्पणासाठी त्यांच्या हातात पाखरांची जोडी होती. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी खरे तर कोकरू द्यायचे. ज्या घराची ऐपत नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले आणावीत, अशी सवलत मोशेच्या नियमशास्त्रात आहे. देवाचा पुत्र ज्या घरी आला त्या घराने ही गरिबांची सवलत घेतली.

जन्माची कथाही तशीच आहे. रोमच्या बादशहाचा हुकूम निघतो: नावनोंदणी करा. हुकूम देणाऱ्याला नासरेथ कुठे आहे हे ठाऊकही नसेल. त्या हुकमापायी एक सुतार आपल्या दिवस भरत आलेल्या बायकोला घेऊन दीडेकशे किलोमीटरची वाट चालतो. उतारशाळेत जागा मिळत नाही. बाळाला जनावरांच्या गव्हाणीत निजवावे लागते. पुढे मत्तयच्या शुभवर्तमानात हेच कुटुंब जीव वाचवायला रातोरात मिसरात पळते. आपण हे सारे इतक्या वेळा गायले आहे की त्यातला थंडीचा कडाका, जनावरांच्या मुताचा वास, परक्या गावात कळा सुरू झालेल्या बाईची भीती, यांतले काही आता आपल्याला जाणवत नाही. आसिसीच्या फ्रान्सिसने 1223 साली ग्रेच्चो या इटालियन खेड्यात खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून पहिल्यांदा असा देखावा मांडला. बेथलेहेमात त्या बाळाचे किती हाल झाले ते आपल्या डोळ्यांनी पाहता यावे, एवढीच त्याची इच्छा होती.

महाराष्ट्रात हे पाहायला लांब जावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाचा एक मोठा भाग ज्या मुलखात राहतो तो उसाचा मुलूख आहे. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा: आपल्या धर्मग्रामांची आणि मंडळ्यांची ही नावे, आणि साखर कारखानदारीच्या नकाशावरचीही हीच. मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात ज्या हरेगावी आपली हजारो माणसे लोटतात, तिथेच बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना उभा राहिला होता. सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात झाली ती याच अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो आणि तो मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे आपला आगमनकाळ, नाताळ, नवे वर्ष आणि बहुतेक उपवासकाळ, हे सारे ऊसतोडीच्या हंगामातच येते. बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणी या बाजूंनी बिऱ्हाडे घेऊन लाखो माणसे तेव्हा राज्यभरच्या फडांवर पोचलेली असतात. चर्चच्या घंटेचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ त्यांच्या कोप्या असतात.

कोपी ज्यांनी आतून पाहिली नसेल त्यांनी एकदा वाकून पाहावी. वाकूनच, कारण तिला ताठ मानेने आत जाण्याजोगे दारच नसते. बांबूच्या कमानी, वर पाचट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद किंवा जुनी ताडपत्री. आत तीन दगडांची चूल, पत्र्याची एक पेटी, पिठाचा डबा, दोन वाकळा. कोपीला लागून बैल बांधलेले आणि त्यांच्यापुढे उसाचे वाढे टाकलेले. पहाटे तीन-चारला उठायचे, अंधारातच भाकऱ्या थापायच्या, आणि आंघोळ करायची असेल तर उजाडायच्या आत, कारण बायांना आडोसा असतो तो फक्त अंधाराचा. मग फड. पुरुषाने तोडायचे, बाईने पाचट काढून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायच्या. मालमोटार असेल तर फळीवरून तोल सावरत वर चढायचे. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत. त्याच्याजवळ बसते ती सहा-सात वर्षांची बहीण, जिचे नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर असते.

या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर. त्यामुळे बाई गरोदर आहे म्हणून मागे राहते म्हणाली तर कोयता अर्धा होतो, उचल फिटत नाही, आणि राहिलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. पोटुशी बाई फडावर येते ती यासाठी. एक दिवस खाडा झाला तर त्याचेही पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, राज्य सरकारने समिती नेमली. 82 हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचे दुखणे, पांढरे जाणे, कंबर धरणे यांवर नीट उपचार घ्यायला सवड नाही, खाडा परवडत नाही. त्यात गर्भपिशवीच काढून टाका म्हणणारे डॉक्टर भेटतात. इतक्या बायांनी तिशी-चाळिशीच्या आत ही वाट धरली, आणि त्यांनी तोडलेल्या उसाची साखर आपल्या नाताळच्या करंजीत आहे. हे लिहिताना आम्हाला वेदना होतात आणि वाचकांनाही त्या व्हाव्यात असे वाटते.

आता कुणी म्हणेल, नाताळात आमची मंडळी ब्लँकेटे वाटते. वाटतेच, आणि डिसेंबरच्या थंडीत ब्लँकेटाची ऊब खरी असते. त्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. पण ब्लँकेट देऊन आपण परत येतो, छायाचित्र मंडळीच्या पत्रिकेत छापतो, आणि 26 तारखेपासून पुढचे तीन महिने ती बाई रोज त्याच वाटेने आपल्या कुंपणावरून जाते तेव्हा तिला ओळखत नाही. पंचांगाने आपल्याला चाळीस दिवस दिले आहेत. कारखान्याने तर शंभराहून अधिक.

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपल्याला पाठ असतो; नाताळच्या नाटिकेत मुले तोच सादर करतात. तिसरा अध्याय मात्र नाताळच्या रात्री कुणी वाचत नाही, आणि आमच्या मते नव्या वर्षाच्या उपासनेत तोच वाचावा. यार्देन नदीकाठी योहान उपदेश करतो आहे. लोक घाबरे होऊन त्याला विचारतात, मग आम्ही काय करावे? या प्रश्नावर तो उपास सांगत नाही, यात्रा सांगत नाही, प्रार्थनेचे तासही वाढवायला सांगत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, अन्नाचेही तसेच करावे. जकातदार विचारतात तेव्हा त्यांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपाई विचारतात तेव्हा त्यांना सांगतो, कुणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नका, पगारात भागवा. ज्याचा जो धंदा, त्याला त्या धंद्यातले उत्तर. जकातदाराला त्याने जकातनाका सोडायलाही सांगितलेले नाही.

नव्या वर्षाचे वचन असेच, ज्याच्या त्याच्या कामाच्या ठिकाणचे असावे, असे आमचे म्हणणे आहे. आपल्यात ऊस पिकवणारे शेतकरी आहेत, कारखान्याचे सभासद आहेत. त्यांच्या फडात टोळी उतरली असेल तर विहिरीवरून पिण्याचे पाणी, मोटारीच्या खोलीतून ओढलेला एक दिवा, बायांसाठी चार पत्र्यांचा आडोसा, हे त्यांच्या हाती आहे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गाडी भरून दिल्यावर वरकड पैशांसाठी घासाघीस होते तेव्हा आपण कुठल्या बाजूला उभे असतो, हेही त्यांनी पाहावे. याकोबाच्या पत्रात, शेताची कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असा इशारा आहे. तो शेतमालकांना उद्देशून आहे. आपल्यात कारखान्यात कारकुनी करणारे आहेत: ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या खेपांचा हिशेब त्याला समजेपर्यंत सांगणे हे त्यांचे वचन. शिक्षक तर आपल्यात घरोघरी आहेत. वर्षाच्या मधेच आलेल्या मुलाला दाखला नाही म्हणून शाळेने परत पाठवू नये, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पण कायदा माहीत असलेले गुरुजी किंवा बाई स्वतः कोपीवर जाऊन त्या झोळी हलवणाऱ्या मुलीचा हात धरून आणत नाहीत तोवर ती येत नाही, आणि धाकट्या भावाला ठेवायला जागा नसेल तर आणल्यावरही टिकत नाही. चर्चचे सभागृह आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असते. तिथे जानेवारी ते मार्च पाळणाघर चालू शकते.

आणि परिचारिका. ख्रिस्ती समाजाने महाराष्ट्राला काय दिले असे कुणी विचारले तर आम्ही आधी परिचारिकांचे नाव घेऊ. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभारले तेव्हापासून आपल्या किती लेकी या कामात गेल्या याची गणती नाही. त्यांतल्या निवृत्त झालेल्या आज प्रत्येक मंडळीत आहेत. गरोदर बाईचा रक्तदाब पाहणे, तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते ओळखणे, आशाताईंना गाठून तिची नोंद करवणे, बाळाच्या लशीची तारीख चुकू न देणे: चाळीस वर्षे ज्यांनी हेच केले त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

इथे एक अनुभवाची गोष्ट सांगायला हवी. आपली आरोग्य शिबिरे बहुधा रविवारी सकाळी, उपासनेनंतर, चर्चच्या आवारात होतात. आपल्या सोयीची ती वेळ आहे. ऊसतोड बाई रविवारी सकाळी फडात असते. तिला रविवार नाही. ती कोपीवर येते अंधार पडताना, आणि त्यानंतरच्या तासाभरात स्वयंपाक करून झोपते, कारण गाडी रात्री कधीही भरायला येऊ शकते. तिच्यासाठी काही करायचे तर संध्याकाळी, कोपीपाशी, बॅटरी घेऊन जावे लागेल. देवदूत मेंढपाळांकडे गेला तो ते राखण करत होते तिथे, त्यांच्या पाळीच्या वेळी. त्यांना देवळात बोलावून घेतले नाही.

हे सारे आपल्याला नवे आहे असेही नाही. पंडिता रमाबाईंनी तारुण्यात दुष्काळाच्या वणवणीत आई, वडील आणि बहीण गमावली होती. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पुण्याच्या शारदा सदनाचा व्याप त्यांना पुरेसा होता. जायलाच हवे असे कुणी म्हणाले नव्हते. त्या गेल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून शेकडो मुलींना आणि बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळ केडगावला सदनाच्या खर्चासाठी घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना नेले. आधी माणसे आली, इमारती मागाहून उठल्या. तिथे पुढे शेती झाली, माग आले, छापखाना आला. या साऱ्या धबडग्यातच रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. 1922 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या भाषांतराविषयी आपल्याकडे अधूनमधून लिहिले जाते. भुकेल्या पोरींसाठी त्यांनी उपसलेल्या कष्टांविषयीही तितकेच लिहिले जावे.

अलीकडचे उदाहरण फादर हर्मन बाखर यांचे. स्वित्झर्लंडहून 1948 मध्ये आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, आपले घर केले. दुष्काळी गावांतून लोक का बाहेर पडतात हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला, आणि त्याचे उत्तर त्यांना पाणलोट विकासात मिळाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायचे, माती-पाणी अडवायचे. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी ही त्या कामाची एक ठळक खूण आहे. 2021 मध्ये फादर बाखर वारले. कोपीतल्या बाईला आडोसा देणे हे आजचे काम. तिला गाव सोडून कोपीत यावेच लागू नये हे त्याच्यापुढचे आणि जास्त चिकाटीचे. दोन्ही करणारी माणसे आपल्यात होऊन गेली आहेत.

एक प्रश्न मनात येईल आणि तो दडवून ठेवण्यात अर्थ नाही. आज ख्रिस्ती माणूस गरिबाच्या दारात गेला की तो कशासाठी आला याची चौकशी होते. संशय घेतला जातो, कधी त्रासही दिला जातो. काही मंडळ्यांनी यापायी बाहेर जाणेच थांबवले आहे आणि आम्हाला त्यांची भीती समजते. तरी थांबू नये, असेच आम्ही म्हणू. जाताना हात स्वच्छ असावेत. कोपीच्या मेढीला भगवानबाबांची तसबीर असेल, सेवालाल महाराजांची असेल, बाबासाहेबांची असेल; त्या तसबिरीला मान देऊन आत बसावे. पत्रके नेऊ नयेत. ग्रामपंचायतीला सांगून जावे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांना, आशाताईंना, गावातल्या माळकऱ्यांना बरोबर घ्यावे. मदतीला कुठलीही अट नसावी, मनातसुद्धा नसावी. पूर्वी आपल्यातल्या कुणी ती जोडली असेल तर तो ख्रिस्ताचा अपमान होता. मेंढपाळ गोठ्यापाशी आले, बाळाला पाहिले आणि आपल्या मेंढरांकडे परत गेले. त्यांच्याकडून कुणी काही मागितले नाही. ज्या लूकने उतारशाळेत जागा नसल्याचे लिहिले, त्यानेच पुढे शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली आहे. वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला त्याने उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले आणि आणखी खर्च झाला तर परतताना देईन म्हणून सांगितले. जखमीचा धर्म त्याने विचारला नाही आणि आपलाही सांगितला नाही.

शहरातल्या वाचकांना वाटेल की हे उसाच्या पट्ट्यातल्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईत, वसईत कोप्या नाहीत. पण बांधकामांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, वीटभट्ट्या आहेत, आणि मराठी न समजणारी गरोदर बाई सरकारी दवाखान्याच्या रांगेत एकटी उभी आहे. आपल्या घराजवळ कोण आले आहे हे पाहायला फार दिवस लागत नाहीत.

गोठा साधारण 6 जानेवारीनंतर आवरला जातो. पुतळे कागदात गुंडाळून खोक्यात जातात, पेंढा बाजूला काढला जातो. त्याआधी, येत्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास थांबून मंडळीने तीन गोष्टी ठरवाव्यात अशी आमची कळकळीची विनंती आहे: हद्दीत किती कोप्या आहेत ते मोजायला कोण जाणार, सभागृहाची किल्ली सकाळी कोणाकडे राहणार, आणि संध्याकाळी बॅटरी घेऊन जाणाऱ्या दोघी परिचारिका कोण. किल्लीचे आणि नावांचे त्याच बैठकीत ठरेल. मोजणीला दोन दिवस लागतील. पहिली संध्याकाळ त्याच आठवड्यात धरता येईल, आणि कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत ती दर आठवड्याला व्हावी.